मेमोरियल डेची सकाळ आपलीही आहे : अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि मराठी शाळांमधले शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार जवळ आला की मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सहलीची यादी फिरू लागते. भेळेचं सामान कोण आणणार, ग्रिल कोणाकडे आहे, लहान मुलांच्या शर्यती कोण घेणार, क्रिकेटला किती जण उतरणार. त्याच यादीखाली कुणीतरी झेंड्याचं चित्र टाकून 'हॅपी मेमोरियल डे' लिहितं आणि त्यावर भराभर अंगठे उमटतात. सहल बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. हिवाळाभर घरात कोंडलेल्या माणसांना एकत्र यायला तो दिवस सोयीचा आहे, आणि सगळा देशच त्या दिवशी ग्रिल पेटवतो. माझी विनंती एवढीच, की ज्यांच्यासाठी ही सुट्टी आहे त्या मेलेल्या सैनिकांना आपल्या कार्यक्रमात जागा मिळावी. ती का द्यायची, हे आपल्या मुलांना मराठीतून सांगता यावं. त्यासाठी लागणारं कारण आपल्याकडे आहे, आणि ते दीडशे वर्षं जुनं आहे. त्याकडे येतेच.

आधी त्या शुभेच्छेबद्दल. 11 नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे सैन्यात सेवा केलेल्या सगळ्यांचा, हयात असलेल्यांचाही. मेमोरियल डे फक्त सैन्यात सेवा करताना मेलेल्यांचा. शेजारचे आजोबा व्हिएतनामहून परत आलेले असतील, तर या दिवशी त्यांना 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस' म्हटल्यावर ते सभ्यपणे मान डोलावतील, पण त्यांच्या मनात त्या दिवशी दुसरीच माणसं असतात, जी त्यांच्याबरोबर परत आली नाहीत. त्यांना त्यांच्या सोबत्यांबद्दल विचारावं. बहुतेक वेळा ते सांगतात, आणि ऐकणारा कुणी भेटला याचं त्यांना बरं वाटतं.

आता झेंड्याबद्दल. ज्या पार्कात आपली सहल असते तिथे कुठेतरी गावाचा खांब असतोच. त्या सकाळी त्यावरचा झेंडा अर्ध्यावर असतो. त्याची रीत ठरलेली आहे. झेंडा आधी झपाट्याने टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर तिथे ठेवायचा, मग सावकाश अर्ध्यावर आणायचा. थेट अर्ध्यापर्यंत चढवून दोरी बांधून टाकणं चूक. उतरवतानाही आधी टोकापर्यंत न्यायचा आणि मगच खाली घ्यायचा. भारताच्या ध्वजसंहितेतही हीच रीत आहे, त्यामुळे आपल्यापैकी ज्यांनी एनसीसी केली आहे त्यांना ती नवी नाही. एरवी शोकाच्या दिवशी झेंडा दिवसभर अर्ध्यावर राहतो. मेमोरियल डेला मात्र तो दुपारी बारापर्यंतच तसा ठेवतात आणि बाराच्या ठोक्याला पुन्हा टोकाला नेतात. सकाळ गेलेल्यांची आणि दुपार त्यांचं काम पुढे न्यायचं ठरवणाऱ्या जिवंतांची, असा त्याचा अर्थ लावतात. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. शोकाला वेळ दिलेली आहे, आणि शोकानंतर काय करायचं तेही त्या एका दोरीने सांगितलेलं आहे.

घराच्या पोर्चवर तिरक्या काठीला लावलेला झेंडा अर्ध्यावर आणता येत नाही. तिथे काठीच्या टोकाला काळी फीत बांधतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या पोर्चवर झेंडा असतो. फीत कुठल्याही शिवणकामाच्या दुकानात मिळते.

कुणासाठी किती दिवस झेंडा अर्ध्यावर ठेवायचा, हे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1 मार्च 1954 रोजी जाहीरनामा काढून ठरवलं. आजी किंवा माजी राष्ट्राध्यक्ष गेले तर 30 दिवस. उपराष्ट्राध्यक्ष, सरन्यायाधीश किंवा सभागृहाचे स्पीकर गेले तर 10 दिवस. काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, सदस्य गेला तर तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस. याखेरीज 15 मे हा कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांचा, 11 सप्टेंबर, आणि 7 डिसेंबर हा पर्ल हार्बरचा दिवस. राज्याचे गव्हर्नर आपल्या राज्यातला सैनिक कामी आला तर त्याच्यासाठीही आदेश काढतात, आणि तेव्हा त्या एका राज्यात, कुठल्याशा लहान गावातल्या विशीतल्या मुलासाठी, पोस्टापासून शाळेपर्यंत सगळे झेंडे खाली येतात.

हे सगळं पाळलं जातं ते शिक्षेच्या भीतीने नाही. झेंड्याची संहिता 1923 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत लिहिली गेली, 1942 साली काँग्रेसने ती कायद्यात घेतली, पण ती मोडणाऱ्या सामान्य माणसाला शिक्षा नाही. झेंडा जाळणं हासुद्धा मतप्रदर्शनाचा हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1989 चा निकाल आहे. तरीही आदेश निघाला की दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेचा कस्टोडियन खांबाशी जातो, अग्निशमन केंद्रातला कुणीतरी जातो, पोस्टातली बाई जाते, आणि दोरी सोडते. या देशाची आठवण अशा माणसांच्या हातात आहे. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 29 डिसेंबर 2024 रोजी गेले. त्यांच्या शोकाचे 30 दिवस चालू असतानाच 20 जानेवारीचा नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी आला, आणि त्या दिवसापुरते कॅपिटॉलवरचे, म्हणजे काँग्रेसच्या इमारतीवरचे, झेंडे टोकाला नेण्यात आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली आले. त्यावर देशभर वाद झाला. माझं मत विचाराल तर नेम मोडायला नको होता. पण लोक त्या दोरीकडे किती बारकाईने बघतात, हे त्या वादामुळे कळलं.

आता मूळ मुद्दा. मंडळाच्या सभेत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हा इतिहास त्यांचा आहे, आपला नाही. आपण तर परवा आलो." म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण ते खरं नाही.

मेमोरियल डेचा आरंभ कुठे झाला यावर अनेक गावांचा दावा आहे. 1966 साली सरकारने न्यू यॉर्क राज्यातल्या वॉटर्लू गावाला तो मान दिला. मला मात्र ज्या गोष्टीपासून हा दिवस सांगायला सुरुवात करावीशी वाटते ती साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरातली आहे. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाच्या शेवटच्या वर्षी तिथल्या मळेवाल्यांच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दक्षिणेच्या सैन्याने उघडा तुरुंग केला होता. तिथे उत्तरेचे कैदी उपासमारीने आणि रोगाने मेले. त्यांना घाईघाईने एका सामूहिक खड्ड्यात पुरलं होतं. शहर उत्तरेच्या हाती आल्यावर, नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या मजुरांनी ते 257 देह बाहेर काढले, एकेकाला वेगळी कबर दिली, भोवती कुंपण घातलं आणि वर कमान उभारली. 1 मे 1865 रोजी सुमारे दहा हजार माणसं तिथे जमली. त्यात बहुतेक कालपरवापर्यंतचे गुलाम होते. पुढे तीन हजार शाळकरी मुलं हातात गुलाब घेऊन चालत होती. ज्या मुलांना काही महिन्यांपूर्वीपर्यंत अक्षर शिकणं मना होतं, ती मुलं शाळेची म्हणून रांगेत होती. त्यांनी अनोळखी सैनिकांच्या कबरी फुलांनी झाकून टाकल्या.

ही गोष्ट पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ विसरली गेली. ती आपोआप विसरली गेली नाही. युद्धानंतर उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांचा समेट झाला, स्मृतिदिनाच्या भाषणांत दोन्हीकडच्या सैनिकांचं शौर्य राहिलं, आणि युद्ध कशासाठी झालं, कुणाची सुटका झाली, हे हळूहळू वगळलं गेलं. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांना 1990 च्या दशकात हार्वर्डच्या जुन्या कागदांत चार्ल्स्टनची ती नोंद सापडली. म्हणून मला वाटतं, हा दिवस पाळायचा तर पुरता पाळावा. झेंड्यापुढे उभं राहताना त्या मुलांचे गुलाबही आठवावेत.

पहिला देशव्यापी दिवस 30 मे 1868 चा. जनरल जॉन लोगन यांनी उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेतर्फे आदेश काढला, की त्या दिवशी कबरी फुलांनी सजवाव्यात. म्हणून पुष्कळ वर्षं त्याला डेकोरेशन डे म्हणत. शेवटचा सोमवार 1971 पासून आला.

त्या 1868 नंतर पाचच वर्षांनी, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली. तिची अर्पणपत्रिका आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते, पण अमेरिकेत राहून ती पुन्हा वाचली की तिचं वजन वेगळं लागतं. फुल्यांनी ते पुस्तक युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामात निरपेक्षपणे त्याग केला, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरली. त्यागाचा अर्थ इथे नेमका आहे. त्या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसं मेली. पुण्यात बसून एक मराठी माणूस, जो कधी अमेरिकेत आला नाही, त्याने त्या लोकांपुढे मान झुकवली. मेमोरियल डेला जे करायचं असतं तेच जोतीरावांनी मराठीत करून ठेवलं आहे. आपण परवा आलो असू. आपली कृतज्ञता मात्र आपल्या आधी कितीतरी वर्षं इथे येऊन पोचली आहे.

ही देवाणघेवाण एका बाजूची नव्हती. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. त्यांना न्यू जर्सीतल्या रोझेलला आपल्या घरात ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर बाईंकडे त्यांच्या अस्थी आल्या, आणि बाईंनी न्यू यॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत त्यांना जागा दिली. आपल्यापैकी काही जण तिथे फुलं ठेवून आले असतील. एका अमेरिकन कुटुंबाने एका मराठी मुलीला आपल्या मृतांमध्ये घेतलं, तिचं नाव दगडावर कोरलं. तोच आदर आपण त्यांच्या मृतांना दाखवायला हरकत काय? पंडिता रमाबाई आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला हजर होत्या आणि 1889 साली त्यांनी या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. बाबासाहेब 1913 ला कोलंबिया विद्यापीठात आले, आणि 1946 साली त्यांनी काळ्या लोकांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. अमेरिकेतल्या मुक्तीच्या लढ्याकडे आपली माणसं सतत डोळा ठेवून होती. आपण इथे राहायला आल्यावर तो डोळा मिटून घेतला तर वाईट दिसेल.

आणि आपण इथे आलो ते कुणामुळे? भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण 1918 साली अमेरिकी सैन्यात भरती झाला, पगडी घालून वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुइसमध्ये राहिला आणि सन्मानाने मुक्त झाला. त्याला मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. 1923 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हिंदी माणूस सामान्य समजुतीप्रमाणे गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्या निकालामुळे आणखी कितीतरी हिंदी लोकांचं नागरिकत्व गेलं. पुढे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी 1935 साली कायदा झाला, तेव्हा कुठे 1936 मध्ये थिंड पुन्हा नागरिक झाला. 1946 च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला खरा, पण वर्षाला 100 माणसांची मर्यादा घालून. दार खरं उघडलं ते 1965 साली. त्या वर्षी 6 ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काळ्यांच्या मतदानाच्या हक्काच्या कायद्यावर सही केली, आणि 3 ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी नव्या स्थलांतर कायद्यावर. दोन सह्यांमध्ये दोन महिन्यांचंही अंतर नाही. माणसाला वंशावरून तोलायचं नाही, हे तत्त्व रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी मार खाऊन, जीव देऊन मान्य करून घेतलं होतं. त्याच लाटेत आपल्या व्हिसाचे कागद आले.

त्या लोकांत मेडगर एव्हर्स होते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या बाजूने युरोपात लढले, घरी मिसिसिपीला परतले आणि काळ्या लोकांना मत देता यावं म्हणून काम करू लागले. 12 जून 1963 रोजी त्यांना जॅक्सनमध्ये त्यांच्याच घराच्या दारात गोळी घातली. त्यांना आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत इतमामाने पुरलं. दर मेमोरियल डेच्या आधी तिथल्या अडीच लाखांहून जास्त कबरींपुढे सैनिक एकेक छोटा झेंडा रोवतात. एव्हर्स यांच्या कबरीपुढेही. मुलांनी विचारलं, की युद्धात मेलेल्यांचा आणि आपला काय संबंध, तर मी त्यांना एव्हर्स यांची गोष्ट सांगते.

काही वेळा झेंडा आपल्या माणसांसाठीही खाली आला आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया अंतराळयान कोसळलं, त्यातल्या सात जणांसाठी देशभर झेंडे अर्ध्यावर आले. त्यात कर्नालची कल्पना चावला होती. 5 ऑगस्ट 2012 रोजी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका वंशद्वेष्ट्याने सहा जणांना मारलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओबामांनी 10 ऑगस्टपर्यंत झेंडे अर्ध्यावर ठेवण्याचा आदेश दिला. लंगरची तयारी चालू असताना मेलेल्या माणसांसाठी व्हाइट हाउसवरचा झेंडा उतरला होता. त्या आठवड्यात आपण ज्या ओलाव्याने त्याकडे पाहिलं, तो ओलावा दुसऱ्यांच्या घरच्या मृत्यूसाठीही असावा, एवढंच मागणं आहे.

दोन अडचणी मला नेहमी ऐकू येतात. पहिली अशी, की आम्ही नागरिक नाही, एच-वन-बी व्हिसावर आहोत, आम्ही झेंड्यापुढे काय करायचं. संहितेने तुमचाही विचार केला आहे. झेंडा जवळून जात असताना नागरिकांनी उजवा हात छातीवर ठेवावा, आणि इतर देशांच्या नागरिकांनी सावधान उभं राहावं. म्हणजे तुम्ही तिथे असाल हे गृहीत धरलेलं आहे. सावधान उभं राहण्याने भारताशी कुठलीही प्रतारणा होत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. झेंडा आता एका पक्षाचा झाल्यासारखा वाटतो, ट्रकांवर फडफडणारा मोठा झेंडा बघून भीती वाटते, असं तरुण मंडळी सांगतात. मी त्यांना खोटं पाडणार नाही. पण याच झेंड्याला वंदन करायला नकार देणाऱ्या शाळकरी मुलांना सर्वोच्च न्यायालयाने 14 जून 1943 रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना आणि नेमक्या फ्लॅग डेच्या, म्हणजे झेंडादिनाच्या दिवशी, संरक्षण दिलं. सक्तीने वंदन करवून घेता येणार नाही, असा तो निकाल. ज्या झेंड्याची सक्ती नाही, त्यापुढे आपण होऊन उभं राहण्याला अर्थ आहे. आणि आपण सगळे शांत लोक बाजूला झालो, तर तो खरोखरच ओरडणाऱ्यांच्या हातात राहील.

मी साताऱ्याकडची. आमच्या बाजूला अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावातच मिलिटरी आहे, कारण घरोघरचे लोक सैन्यात. गावोगावी देवळाबाहेर वीरगळ उभे असतात. खाली लढणारा वीर, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी वर चंद्रसूर्य. कोरणाऱ्याने नाव बहुधा लिहिलेलं नसतं, तरी गाव त्याला शेंदूर लावतं. इथल्या पुष्कळ गावांच्या चौकात युद्धस्मारक असतं आणि त्यावर नावं असतात. वीरगळ माहीत असलेल्या माणसाला ते स्मारक परकं वाटू नये.

म्हणून काही गोष्टी सुचवते. आपापल्या मंडळाला झेपतील त्या घ्याव्यात.

सहल सकाळी न ठेवता दुपारी ठेवावी. सकाळी गावाचा जो संचलनाचा कार्यक्रम असतो, त्याला मंडळाने मंडळ म्हणून जावं. आपल्यातली कितीतरी मुलं हायस्कूलच्या बँडमध्ये त्या संचलनात वाजवत असतात. आपण त्यांना सोडून येतो आणि दीड तासाने न्यायला जातो. मधला दीड तास तिथेच थांबावं. शेवटी एक बिगूलवादक चोवीस सुरांची धून वाजवतो. ती 1862 साली, यादवी युद्धाच्या छावणीत तयार झाली. ट्रंपेट वाजवणारी मुलं आपल्याकडेही आहेत. त्यातल्या एखादीला ती धून वाजवायची संधी मिळाली, तर आजी-आजोबांसकट सगळ्यांना त्या दिवसाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

त्याआधीच्या शनिवारी बऱ्याच दफनभूमींत माजी सैनिकांच्या संघटना आणि स्काउट मिळून कबरींवर छोटे झेंडे लावतात. त्यांना माणसं हवी असतात. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या गावातल्या शाखेला फोन केला की वेळ सांगतात. मुलांना सोबत न्यावं, झेंडा जमिनीला टेकवायचा नाही हे सांगावं, आणि झेंडा रोवल्यावर दगडावरचं नाव मोठ्याने वाचायला लावावं.

दुपारी तीनला, सहल ऐन रंगात असताना, एक मिनिट थांबावं. 2000 साली काँग्रेसने कायदाच केला आहे, की मेमोरियल डेला स्थानिक वेळेनुसार तीन वाजता देशाने एक मिनिट स्तब्ध राहावं. क्रिकेटचा पंच शिट्टी वाजवेल, गाणी बंद होतील, ग्रिलवरचा माणूस चिमटा खाली ठेवेल. भारतात 30 जानेवारीला, हुतात्मा दिनी, सकाळी अकराचा भोंगा ऐकून जागच्या जागी उभे राहिलेले लोक आपल्यात आहेत. त्यांना हे शिकवावं लागणार नाही.

झेंड्याच्या चित्राच्या कागदी बश्या आणि रुमाल आणू नयेत. दुकानात ते ढिगाने मिळतात, पण कागदी रुमालावर किंवा वापरून फेकायच्या वस्तूवर झेंडा छापू नये, असं संहितेत स्पष्ट आहे. साध्या पांढऱ्या बश्या स्वस्तही पडतात. फाटलेला, विटलेला झेंडा कचऱ्यात टाकू नये. लीजनच्या शाखेबाहेर त्यासाठी पेटी असते, आणि फ्लॅग डेला असे झेंडे आदराने जाळतात. मंडळाच्या सभागृहावर एरवी तिरंगा आणि अमेरिकेचा झेंडा दोन्ही लावत असाल, तर ते वेगवेगळ्या खांबांवर, एकाच उंचीवर आणि साधारण एकाच आकाराचे असायला हवेत. शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्याच्या वर लावत नाहीत. मेमोरियल डेच्या सकाळी मात्र मला वाटतं एकच झेंडा लावावा, म्हणजे एक अर्ध्यावर आणि एक टोकाला अशी विसंगती होणार नाही.

मराठी शाळांसाठी एक वेगळी विनंती. 1 मे ला आपण महाराष्ट्र दिन करतो. हुतात्मा चौकाची गोष्ट सांगतो, संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्या माणसांची गोष्ट सांगतो. चार्ल्स्टनचा तो दिवसही 1 मे चाच होता. त्याच तासाला गुलाब घेऊन चाललेल्या त्या तीन हजार मुलांची गोष्ट मराठीतून सांगावी, आणि मग जोतीरावांची अर्पणपत्रिका वाचावी. मोठ्या मुलांना तिची भाषा जड जाते, पण दोन-तीन वाचनांत लागते. मी ती वर्गात वाचते तेव्हा दर वेळी कुणीतरी विचारतं, फुले अमेरिकेत राहत होते का? त्या प्रश्नावर आमचा बाकीचा तास जातो, आणि तो तसाच जावा असं मला वाटतं.

मंडळांच्या वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी वसंतात असतात. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, सहलीची वेळ ठरवतानाच सकाळच्या संचलनाची वेळ शोधून घ्यावी, आणि त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, भेळ आणि ग्रिल यांच्या वर, तीनला सगळ्यांना थांबवण्याचं काम कुणाकडे ते लिहावं. ज्या शाळांना 1 मे च्या तासासाठी टिपणं हवी असतील त्यांनी कळवावं, मी पाठवीन.

आपली नम्र,
न्यू जर्सीतल्या एका मराठी शाळेतली शिक्षिका